ज्याचं झाकण मागं

आमच्या घरात एकाही डब्याला झाकण नव्हतं. गुळाच्या डब्यावर आईनं जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं असायचं, शेंगदाण्याच्या डब्यावर ताटली आणि ताटलीवर वरवंटा, पिठाच्या डब्यावर घमेलं पालथं घातलेलं. पाहुणा आला की आधी हा संसार बघायचा, मग आईकडे बघायचा, आणि आई आम्हा दोघा भावंडांकडे बघायची. झाकणं माळावर असायची. कुठलं बोरीत अडकलेलं, कुठलं कुसळात हरवलेलं, एकदोन कायमची पाण्याच्या तळाशी गेलेली.

परवा त्याच माळावर एका बाईनं माझ्या हातात नारिंगी प्लास्टिकची चकती ठेवली. तिचा काठ बोटांना लागला आणि मला गुळाचा वास आला. प्लास्टिकला कसला गुळाचा वास येणार, पण आला खरा.

आमचं गाव उजनीच्या फुगवट्याला लागून, धरणाचं पाणी आल्यावर वर सरकलेलं. गावाच्या कडेला हा माळ आहे. एका अंगानं चढ आणि दुसऱ्या अंगानं थेट पाण्यात उतरलेला. आता तिथं पर्यटनवाल्यांनी डिस्क गोल्फ नावाचा खेळ मांडलाय. एक लोखंडी खांब, त्याला कमरेच्या उंचीवर टोपली, टोपलीच्या वर साखळ्यांचा झुबका. अशा नऊ टोपल्या त्या चढउतारावर लांब लांब रोवल्या आहेत. चकती भिरकावत एका टोपलीकडून दुसरीकडे जायचं आणि कमीत कमी फेकींत चकती टोपलीत घालायची, एवढाच खेळ. शनिवार-रविवारी पुण्याकडची माणसं येतात, टोप्या घालून माळ चढतात, उतरतात आणि पाण्याकडे बघून फोटो काढतात. माळ त्या पर्यटनवाल्यांना मी विकला. का विकला ते सांगत बसत नाही. विकणाऱ्यापाशी कारण असतंच.

माझ्याबरोबर अक्का होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मोडनिंबला दिलेली. वडील गेले त्या वर्षी ती भाऊबीजेला ओवाळायला आली आणि पुढच्या आठवड्यात कचेरीत येऊन हक्कसोडीवर सही करून गेली. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडला, असा तो कागद. आमच्याकडे बहिणी अशाच सह्या करतात. त्यांना कुणी विचारत नाही आणि त्याही विचारत नाहीत. सही झाल्यावर कचेरीबाहेर आम्ही उसाचा रस प्यायलो. ग्लास खाली ठेवत ती म्हणाली, "बागाईत कर न्हायतर पडीक टाक, तुजं तू बघ. तेवढा माळ इकू नगंस."

मी म्हणालो, "छे गं, माळ कोण विकतंय."

तीन वर्षांनी विकला. तिला ते मोडनिंबच्या बाजारात, भाजी घेताना, तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

त्यालाही आता सात वर्षं झाली. या सात वर्षांत अक्का माझ्याशी सगळं बोलली. सुनेचं बाळंतपण, गुडघे, शेजारणीची म्हैस, सगळं. राखीला सोलापूरला माझ्या घरी आली, ओवाळून, पुरणपोळी खाऊन गेली. फक्त माळाचं नाव तिनं काढलं नाही आणि गावात पाऊल ठेवलं नाही. मला तिनं एकदा बोलायला हवं होतं. चारचौघांत शिवी दिली असती तरी मी मान खाली घालून ऐकली असती. या गप्प राहण्यानं मात्र माझा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून मी तिला घेऊन गेलो. काहीतरी दाखवायचंय, एवढंच सांगितलं.

टेंभुर्णीच्या पुढं हायवे सोडला तसं तिच्या लक्षात आलं. "गाडी थांबव," म्हणाली. उसाच्या कडेला गाडी उभी केली. पलीकडे केळीला पाणी चालू होतं, कुठंतरी खाली मोटर घुमत होती, आणि पाचट जाळल्याचा तो गोडसर धूर काचेतून आत येत होता. अक्का मांडीवर हात ठेवून समोर बघत बसली.

"चल," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. "आलोय तर बघू की."

त्या मोटरीच्या आवाजानंच तर आमचं लहानपण चालायचं. वडिलांनी माळाच्या माथ्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या आणि मोटर खाली पाण्याशी. लाईट दिवसातून केव्हा येईल त्याचा नेम नाही. म्हणून वडिलांनी दाराशी एका दिव्याचं बटण कायम चालू ठेवलेलं. दिवा लागला की जो असेल त्यानं ओरडायचं, "आली!" आणि आम्ही दोघांनी माळ उतरून मोटर चालू करायला जायचं. लाईट आहे तोवर उसाला पाणी. नुसतं चालत जायचं म्हणजे कंटाळा. एके दिवशी अक्कानं डब्याचं झाकण घेतलं, कमरेतून वळून भिरकावलं, आणि ते झाकण उतारावरून घारीसारखं तरंगत गेलं ते पार बोरीपाशी उतरलं. त्या दिवसापासून आईचे डबे उघडे पडले.

खेळाचे नियम अक्काचे. आधी बोरीला झाकण लागलं पाहिजे, मग गोठणीच्या दगडाला, मग हिवराच्या झाडाला, आणि शेवटी पाण्यातून वर आलेल्या लोखंडी पाइपाला. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. ज्याचं झाकण मागं, त्यानं आधी टाकायचं. काट्यात गेलं तर काट्यातून टाकायचं, रडायचं नाही. पाइप रिकामा असला तर झाकण लागल्यावर खणखणीत वाजायचा, आणि तो आवाज माळाच्या माथ्यापर्यंत जायचा. वडिलांना वरून कळायचं की पोरं पोचली, पण मोटर अजून चालू केली नाही. मग त्यांची हाक यायची. ती हाक इथं लिहिण्यासारखी नाही.

वडील म्हणायचे, "खेळा की, पर पळत खेळा." आम्ही पळत खेळायचो. पायाखाली कुसळं, अंगावर तरवडाची पिवळी फुलं झडलेली, आणि खालून येणारा पाण्याचा वास. नदीच्या वासापेक्षा तो वेगळा. थोडा चिलापी माशाचा, थोडा कुजलेल्या लव्हाळ्याचा, थोडा मोटरीच्या तापलेल्या ऑईलचा. अजूनही पंपाच्या दुकानासमोरून जाताना त्या वासासाठी माझे पाय रेंगाळतात.

गंमत म्हणजे आमचं मैदान दर महिन्याला बदलायचं. दिवाळीला पाणी हिवराच्या मुळाशी टेकलेलं असायचं, मग खेळ चुटकीसरशी संपायचा. पुढं पाणी हटत जायचं. माणसं बांबूला मोटर बांधून खांद्यावर खाली न्यायची, पाइपाला पाइप जोडायची, आणि आमचा खेळ आणखी लांब व्हायचा. उन्हाळ्यात तर हिवरापासून पाण्यापर्यंत गाळाचं मोठं पटांगण उघडं पडायचं. तिथं लोक गाळपेर करायचे, कलिंगडं लावायचे. त्या दिवसांत शेवटच्या टप्प्याला दहा-दहा फेकी लागायच्या आणि भांडणंही तेवढीच व्हायची. मी शाळेत भूगोल शिकवतो. समोच्च रेषा फळ्यावर काढताना पोरांना सांगतो, रेषा जवळ आल्या की चढ तीव्र. पण चढ म्हणजे काय ते मला कळलं ते अक्काच्या मागं धापा टाकत माळ चढताना.

एका उन्हाळ्यात माझं झाकण गाळात पडलं. वरून गाळ पापडासारखा वाळलेला, भेगा पडलेल्या. मी सरळ चालत गेलो. चार पावलांवर मांडीपर्यंत आत. जेवढं हलावं तेवढं खोल. मी बोंब ठोकली. अक्का पळाली नाही, ओरडली नाही. मोटरीपाशी पडलेले दोन पाइप ओढत आणले, गाळावर शेजारी शेजारी टाकले, त्यांवर पालथी पडून रांगत आली आणि माझ्या काखेत हात घालून मला उपसलं. मग कडेला बसवलं. मला वाटलं, आता जवळ घेईल. ती परत पाइपावरून रांगत गेली आणि माझं झाकण घेऊन आली. "हिथनं टाक," म्हणाली, "आन् येक फेक वाढली तुजी."

मी रडतरडत टाकलं. नियम म्हणजे नियम. घरी जाण्याआधी तिनं मला पाण्यात बुडवून घासलं, पण गाळाचा वास काही गेला नाही. आईला दारातच कळलं. मार मात्र अक्कानं खाल्ला, मोठी म्हणून.

तिचं लग्न ठरलं त्या साली उन्हाळा कडक होता. हळदीच्या दिवशी दुपारी दाराचा दिवा लागला. मांडवात बायका, वडील स्वयंपाक्याच्या मागं, घरात मोटरीवर जायला कुणी नाही. मी उठलो. माझ्या मागून अक्का उठली. हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो. बायकांनी एकच गिल्ला केला. मामी आडवी आली. अक्का म्हणाली, "मोटर चालू करून येते की. मी काय पळून चालले?" आणि पिवळ्या हातांनी झाकण उचलून निघाली. त्या दिवशी ती फार सावकाश खेळली. प्रत्येक फेकीआधी थांबायची. झाकणावर तिची पाच पिवळी बोटं, मोटरीच्या खटक्यावर पिवळी बोटं, पाइपावर पिवळा हात. जिंकली तीच. परत चढताना मला म्हणाली, "आता तुजा तूच खेळ."

मी एकटा खेळलो नाही. एकट्यानं कसलं मागं आणि कसलं पुढं? पंधरा दिवसांत सापडली तेवढी झाकणं घरी आली, डब्यांवर बसली, आईचं घर चारचौघांसारखं दिसायला लागलं. त्या नीटनेटक्या घरात मला करमेना. झाकण उघडताना होणारा तो टप् आवाज मी ऐकायचो आणि मला अक्काची आठवण यायची. आजही मला कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला काळ कुठला, तर मी मागंपुढं न बघता सांगेन, आमच्या डब्यांना झाकणं नव्हती तो.

तर परवा. माळाच्या माथ्यावर, आमच्या दोन खोल्या होत्या तिथं, बांबूचं कार्यालय आहे. आत संगीता नावाची बाई, गावातलीच एक नवी सून, साडीवर कंपनीचा टी-शर्ट घातलेली. तिनं आम्हाला दोघांना चकत्या दिल्या आणि पाठ केलेले नियम सांगायला लागली. "मावशी, ज्येची डिस्क लांब ऱ्हायली, त्येनं आदी टाकायची."

"ठावं हाय," अक्का म्हणाली.

"खेळलाय व्हय आदी?"

"लई."

संगीता माझ्याकडे बघून हसली. म्हातारी चेष्टा करते आहे असं तिला वाटलं असणार.

पहिल्या टोपलीला अक्काची चकती दहा पावलांवर पडली. तिचा उजवा खांदा धरलाय, हात वर जात नाही. नऊवारीचा काष्टा आवळून ती पुन्हा उभी राहिली, तीही फेक वाकडी गेली. मला वाईट वाटलं आणि आणल्याचा पश्चात्तापही झाला. मग माझी चकती उतारावर कलंडून भलतीकडेच गेली तेव्हा मी म्हणालो, "चढच बदललाय इथला. मशीन फिरवलंय त्यांनी."

"नाचता येईना, अंगान वाकडं," अक्का म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा ती मला टोचून बोलली होती. मला बरं वाटलं.

तिसऱ्या टोपलीपासून तिनं हात वर न्यायचं सोडून दिलं. गुडघ्यात वाकून, कमरेतून वळून, खालच्या खाली चकती सोडायला लागली. अगदी तेव्हासारखी. चकती जमिनीपासून हातभर उंचीवरून गेली, तरवडाच्या शेंड्यांना चाटून गेली, आणि साखळ्या खळ्ळकन वाजल्या. गोठ्यात बैलानं मान हलवावी तसा तो आवाज. अक्का जागची हलली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथं आनंद होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. बोर नव्हती. गोठणीचा दगड नव्हता. हिवर होता, त्याच्या बुंध्याला आकडा लिहिलेली पाटी ठोकलेली. अक्कानं जाता जाता त्या पाटीवर हात फिरवला.

आठ टोपल्या झाल्या. नववी पाण्याच्या अगदी कडेला. त्या टोपलीकडे एकेक फेक झाली; माझी चकती मागं राहिली, अक्कानं तिची उचलून घेतली. तिथं लाकडी बाक टाकलाय, त्यावर बसलो. पाणी चमकत होतं, लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, एक होडी जाळं ओढत चाललेली. आमचा पाइप जिथं असायचा तिथं आता दुसऱ्या कुणाची काळी नळी पाण्यात गेली आहे. मी बरेच दिवस मनात घोळवलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"अक्का, माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

मला वाटलं, पुढं ती म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं. मोठ्या बहिणी असंच म्हणतात. ती चकतीवरची माती पदरानं पुसत होती.

"मोडनिंबला गेले तवा पैली दोन वर्सं मला लई जड गेली," ती म्हणाली. "भाकरी थापताना मी मनातल्या मनात ह्यो माळ उतरायची. बोर, दगड, हिवर, पाइप. कंदी तुला जितू द्यायची, कंदी न्हाय. सासू म्हनायची, ही भाकरीकडं बघून हसती का. पुढं प्वारं झाली, नातवंडं झाली, तरी उतरायची. कुनाला सांगितलं न्हाय. सांगन्यासारखं काय हाय त्येत?"

तिनं समोरच्या टोपलीकडे बोट केलं.

"आता आज हे बघितलं," ती म्हणाली. "आता उतरायला लागले की मदीच टोपली येनार. त्येचं काय करू, सांग."

सात वर्षं मी तिनं बोलावं म्हणून जीव टाकत होतो. बोलली तेव्हा कळलं की मी तिच्याकडून काय काढून घेतलं ते मला आजवर माहीतच नव्हतं. मला वाटायचं, जमिनीचा एक तुकडा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बघितलं, पण माझ्या पाठीवर हात ठेवला नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "येक ऱ्हायलीय. तुजी मागं हाय, तू टाक."

मी टाकली. मग तिनं टाकली. तिची आधी पडली टोपलीत.

वर यायला आम्हाला बराच वेळ लागला. दोन ठिकाणी ती दम खायला थांबली, हात दिला तर घेतला नाही. कार्यालयात संगीतानं चकत्या परत घेतल्या आणि एक वही पुढं केली. किती वेळ खेळलात त्यावर तिकीट, म्हणून ते इथं जाताना फाडतात, आणि त्याआधी वहीत नाव-गाव लिहायचं. मी माझं नाव लिहिलं, पुढच्या रकान्यात सवयीनं सोलापूर लिहिलं. अक्कानं पेन घेतलं. चौथीपर्यंतची शाळा, एकेक अक्षर दाबून लिहायची तिची पद्धत. नाव लिहून झालं. गावाच्या रकान्याशी ती थांबली. मला वाटलं, मोडनिंब लिहील. चाळीस वर्षं तेच लिहीत आली आहे. तिनं लिहिलं, 'हितलीच'.

संगीतानं वही फिरवून वाचली. "हितल्याच व्हय मावशी? मग तुमाला तिकीट न्हाय की. गावच्या मानसांला नसतंय." मग तिनं माझी ओळ वाचली आणि पावतीपुस्तक पुढं ओढलं. "सरांचं तेवढं येक फाडते."

अक्का चपला घालून गाडीकडे चालायला लागली होती. मी माझं तिकीट घेतलं.